लवंग, नीलगिरी, वेखंड: सुगंधी तेलांमुळे साठवलेल्या धान्यातली कीड खरंच मरते का?

एप्रिल-मे महिना आला की महाराष्ट्रात वर्षाचं धान्य भरण्याची लगबग सुरू होते. गहू उन्हात वाळतो, तूरडाळीला एरंडेल चोळलं जातं, कोठीच्या तळाशी कडुनिंबाचा पाला पसरला जातो. तरीही श्रावण येईपर्यंत कुठल्या ना कुठल्या डब्यात पोरकिडे निघतातच. मग मोबाइलवर फिरणारे उपाय आठवतात. तांदळात लवंगा टाका, डाळीत तमालपत्र ठेवा, नीलगिरीच्या तेलात भिजवलेला कापूस ठेवा. काही घरांत एवढ्यावर भागत नाही आणि बाजारातून धान्यात ठेवायची 'गोळी' आणली जाते. ती जिवावर बेतू शकते.

वनस्पतींची सुगंधी तेलं धान्यातल्या किडीला मारतात, हे गेल्या काही दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांत वारंवार दिसून आलं आहे. मग ही तेलं सरकारी गोदामांत का वापरली जात नाहीत? घरच्या डब्यात चार लवंगा टाकल्या तर नेमकं काय होतं? आणि 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असतं का?

थोडक्यात सांगायचं तर:

• सुगंधी तेलांची वाफ बंद जागेत कीटकांना मारू शकते. पण ही वाफ टिकत नाही.
• अख्ख्या लवंगा किंवा पाला ठेवल्याने कीड थोडीफार दूर राहते. दाण्याच्या आत शिरलेली अळी त्याने मरत नाही.
• धान्य नीट वाळवणं आणि हवाबंद ठेवणं हाच मुख्य उपाय. सुगंध ही जोडीची मदत आहे.
• ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी घरात कधीही वापरू नये.

धान्यात कीड येते कुठून?

बंद डब्यात कीड 'आपोआप' होते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती धान्याबरोबरच घरात येते, किंवा जुन्या डब्याच्या कडेला आणि पोत्याच्या शिवणीत दडून बसलेली असते.

तांदूळ, गहू, ज्वारी यांत सापडणारा सोंडकिडा तोंडापुढच्या लांब सोंडेने दाण्याला भोक पाडतो. मादी त्यात अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. अळी आतच दाणा खाऊन वाढते, आतच कोष करते आणि पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. उबदार हवेत या सगळ्याला साधारण महिना लागतो.

हरभरा, मूग, चवळी, तूर यांतल्या कडधान्याच्या भुंगेऱ्याची सुरुवात बऱ्याचदा शेतातच होते. पिकत आलेल्या शेंगांवर मादी अंडी घालते. साठवलेल्या कडधान्यावर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे हीच अंडी. त्यातली अळी थेट दाण्यात शिरते आणि शेवटी मागे उरतं ते गोल भोक.

पिठात, रव्यात आणि फुटलेल्या दाण्यांत दिसणारा तांबडा भुंगेरा मात्र अखंड दाणा सहसा पोखरत नाही. तो भरडलेल्या धान्यावर जगतो. गव्हात आढळणारा खापरा भुंगेरा आणखी चिवट असतो. त्याची अळी भेगांमध्ये दडून, काही न खाताही फार काळ तग धरते.

या किडींना साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि ओलसर धान्य मानवतं. आपल्याकडचा पावसाळा त्यांना अगदी सोयीचा.

यातून एक गोष्ट लक्षात येते. डब्यात चार किडे दिसतात तेव्हा पुढची पिढी दाण्यांच्या आत वाढत असते. वर दिसणारे किडे वेचून किंवा हाकलून प्रश्न सुटत नाही. उपाय दाण्याच्या आत पोहोचायला हवा. म्हणूनच धुरी किंवा वायू देण्याची पद्धत आली आणि म्हणूनच शास्त्रज्ञांचं लक्ष सुगंधी तेलांच्या वाफेकडे गेलं.

सुगंधी तेल आणि एरंडेल यांत फरक काय?

दोन्हींना आपण तेलच म्हणतो, पण हे दोन वेगळे पदार्थ आहेत. ओळखायची सोपी खूण म्हणजे कागद. एरंडेलाचा थेंब कागदावर टाकला तर डाग कायम राहतो. शुद्ध नीलगिरीच्या तेलाचा डाग काही वेळाने उडून जातो.

एरंडेल, शेंगदाणा तेल, कडुनिंबाचं तेल ही बियांमधून गाळून काढलेली स्थिर तेलं आहेत. सुगंधी तेलं मात्र पानं, फुलं, साली, कळ्या किंवा मुळं यांच्यातून वाफ सोडून, ती थंड करून मिळवली जातात. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. एकेका तेलात अनेक संयुगं असतात, पण बहुतेक तेलांचा वास आणि गुण एक-दोन मुख्य संयुगांवर ठरतो.

• लवंग: युजेनॉल
• नीलगिरी: सिनिओल
• ओवा: थायमॉल
• दालचिनी: सिनॅमाल्डिहाइड
• गवती चहा: सिट्राल
• पुदिना: मेंथॉल
• शेपू: कार्व्होन
• संत्र्याची साल: लिमोनिन

झाडाला पळून जाता येत नाही. पान कुरतडणाऱ्या किड्यापासून आणि बुरशीपासून बचाव करायला यातली अनेक संयुगं त्याच्या उपयोगी पडतात. माणसाने तीच धान्याच्या राखणीला लावली.

तूरडाळीला एरंडेल लावण्याची पद्धत वेगळ्या कारणाने चालते. तेलाचा पातळ थर दाण्यावर बसतो, अंड्यांना हवा मिळत नाही, शिवाय मादीला अंडी चिकटवणं अवघड जातं. नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये चवळीवर शेंगदाणा तेलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. किलोमागे ५ मिलिलिटर तेलाने भुंगेऱ्याला आळा बसतो, असं त्यांना दिसलं. आपल्याकडची एरंडेलाची रीत याच तत्त्वावर उभी आहे.

कडुनिंबाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या बियांतलं ॲझाडिरॅक्टिन किड्याची भूक मारतं आणि अळीला कात टाकू देत नाही. हे संयुग मुख्यतः निंबोळीत असतं. सुकलेल्या पाल्यात ते कमी असतं, त्यामुळे पाल्याकडून निंबोळीच्या अर्काइतकी अपेक्षा ठेवता येत नाही.

सुगंधाने किडा मरतो कसा?

कीटकाला फुप्फुसं नसतात. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना बारीक श्वासरंध्रं असतात आणि तिथून हवा नळ्यांवाटे थेट शरीरभर जाते. तेलाची वाफ याच वाटेने आत शिरते. तेल अंगाला लागलं तर ते त्वचेवरच्या मेणचट थरातूनही आत झिरपतं.

आत गेल्यावर घाव बसतो तो मज्जासंस्थेवर. कीटकांच्या शरीरात ऑक्टोपामाइन नावाचा रासायनिक निरोप्या हालचाल, हृदयाचे ठोके, उड्डाण अशा अनेक गोष्टी सांभाळतो. युजेनॉलसारखी संयुगं त्याच्या कामात ढवळाढवळ करतात. थायमॉल मज्जापेशींना शांत ठेवणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेवर परिणाम करतं. काही संयुगं ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला अडवतात. मॅलॅथिऑनसारखी रासायनिक कीटकनाशकंही याच विकरावर मारा करतात. परिणाम सारखाच दिसतो: किडा आधी सैरभैर होतो, मग लटपटतो, उताणा पडतो आणि मरतो.

माणसात आणि इतर सस्तन प्राण्यांत ऑक्टोपामाइनला कीटकांइतकं महत्त्व नाही. यातली काही तेलं आपल्याला तुलनेने कमी घातक का, याचं हे एक कारण आहे. 'कमी घातक' आणि 'निर्धोक' यांत फरक आहे, तो पुढे येईलच.

मारण्याइतकी वाफ नसली तरी दोन परिणाम होतात. किडा वासापासून दूर जातो आणि मादी कमी अंडी घालते. घरच्या डब्यातल्या लवंगा किंवा तमालपत्र जे काही साधतात, ते बहुतांशी एवढंच.

संशोधन काय सांगतं?

इस्रायलमध्ये एली शाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अनेक सुगंधी तेलांची वाफ सोंडकिडा, तांबडा भुंगेरा अशा किडींवर तपासली. काही तेलं अगदी थोड्या प्रमाणातही बंद भांड्यात प्रभावी ठरली. फ्रान्समध्ये कॅथरीन रेन्यो-रोजे यांनी घेवड्याच्या भुंगेऱ्यावर असेच प्रयोग केले.

रवांडामध्ये शेतकरी तुळशीच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळलेली पानं साठवलेल्या धान्य-कडधान्यात मिसळतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या पानांतलं लिनालूल हे मुख्य संयुग किडींवर काम करतं, असं दिसलं. त्या अभ्यासात ताज्या दळलेल्या पानांचा विचार केला होता. पान दळलं की तेल एकदम मोकळं होतं आणि असर वाढतो, पण ते तितक्याच लवकर उडूनही जातं.

सगळ्या किडी सारख्या नाहीत, हेही या प्रयोगांतून पुढे आलं. कडधान्याचा भुंगेरा तुलनेने नाजूक असतो. पिठातला तांबडा भुंगेरा अनेक तेलांना दाद देत नाही. दाण्याच्या आतली अळी आणि कोष बाहेरच्या किड्यापेक्षा जास्त सहन करतात. त्यामुळे 'अमुक तेलाने धान्यातली कीड मरते' या वाक्यात कोणती कीड, कोणती अवस्था, किती प्रमाण आणि किती तास, हे नसेल तर ते वाक्य अर्धवट आहे.

मग गोदामांत ही तेलं का नाहीत?

पर्यायाची गरज तर खरी आहे. धुरीसाठी वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड वायू ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत मोडीत काढला गेला. निर्यातीपूर्वीची प्रक्रिया आणि विलगीकरण यांसाठी तेवढी सूट राहिली. उरला फॉस्फिन वायू. जगभरातली गोदामं आज प्रामुख्याने त्याच्यावर अवलंबून आहेत. पण १९७२-७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने केलेल्या पाहणीतच फॉस्फिनला दाद न देणारे किडे सापडले होते आणि तेव्हापासून ही अडचण वाढत गेली आहे.

तरीही सुगंधी तेलांना फॉस्फिनची जागा घेता आली नाही. कारणं अशी:

वाफ खोल जात नाही: फॉस्फिनचा रेणुभार ३४ आहे, तर नीलगिरीतल्या सिनिओलचा १५४. छोटा रेणू पोत्यांच्या थप्पीतून सहज आरपार जातो. मोठा रेणू वरच्याच थरात अडकतो.

धान्य वाफ शोषून घेतं: प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्या रिकाम्या बरणीत होतात. तीच बरणी धान्याने भरली की बरीचशी वाफ दाणेच शोषतात आणि किड्याच्या वाट्याला थोडी उरते. मग तेलाचं प्रमाण अनेक पटींनी वाढवावं लागतं.

असर टिकत नाही: ज्या गुणामुळे तेल वाफ होऊन किड्यापर्यंत पोहोचतं, त्याच गुणामुळे ते उडून जातं. धान्य महिनोन्महिने ठेवायचं असतं.

दर्जा सारखा नसतो: एकाच जातीच्या तुळशीचं तेल जमीन, हंगाम आणि वाणानुसार बदलतं. गोदामासाठी प्रत्येक वेळी तोच परिणाम हवा असतो.

वास आणि उगवण: लवंगेच्या वासाचा भात कुणाला नको असतो. शिवाय काही तेलं बियाण्याची उगवण कमी करतात. शेपू आणि शहाजिऱ्यातलं कार्व्होन तर नेदरलँड्समध्ये साठवलेल्या बटाट्याला कोंब फुटू नयेत म्हणून वापरात आणलं गेलं.

नोंदणी आणि खर्च: भारतात कीटकनाशक म्हणून काहीही विकायचं तर १९६८च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी लागते. अमेरिकेत १९९६ पासून लवंग, दालचिनी, पुदिना, सिट्रोनेला अशा काही तेलांना 'किमान धोक्याचे' पदार्थ म्हणून अशा नोंदणीतून सूट आहे. तिथे या तेलांची बरीच उत्पादनं त्यामुळे बाजारात आली.

सध्याच्या संशोधनाचा एक रोख वाफ हळूहळू सोडण्यावर आहे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठासह अनेक ठिकाणी तेलाचे सूक्ष्म थेंब कायटोसॅनसारख्या पदार्थाच्या आवरणात बंद करून बघितले जात आहेत. कायटोसॅन हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळतं. अशा आवरणामुळे तेल जास्त दिवस टिकतं.

वेखंडाचा धडा

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण महाराष्ट्राच्या घराघरांतलं आहे. वेखंडाची पूड बाळाच्या अंगाला लावतात आणि वेखंडाचे तुकडे धान्यात, कपड्यांत ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ही पद्धत पोकळ नाही. १९७७ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिलं की वेखंडाच्या तेलातलं असॅरोन कीटकांना वंध्य करतं. म्हणजे किडा मेला नाही तरी त्याची पिढी पुढे सरकत नाही.

पण भारतीय वेखंडाच्या तेलात भरपूर असणारं बीटा-असॅरोन उंदरांवरच्या प्रयोगांत कर्करोगकारक ठरलं. अमेरिकेने १९६८ मध्येच अन्नपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. त्यामुळे वेखंडाचा अख्खा तुकडा कापडी पुरचुंडीत बांधून बियाण्याच्या डब्यात ठेवणं वेगळं आणि त्याची पूड खाण्याच्या धान्यात मिसळणं वेगळं.

हीच काळजी इतर तेलांच्या बाबतीतही लागते. कापूर आणि नीलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडं जरी गेलं तरी झटके येणं, शुद्ध हरपणं असे प्रकार होऊ शकतात. सुगंधासाठी विकल्या जाणाऱ्या बाटल्यांतलं तेल खाण्याच्या दर्जाचं असतंच असं नाही. ते धान्यावर शिंपडू नये.

सगळ्यात मोठा धोका 'गोळी'चा

घरगुती उपाय कमी पडले की काही जण सल्फास, सेल्फॉस अशा नावांनी ओळखली जाणारी गोळी वापरतात. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम वायू बाहेर पडतो. गोदामात हे काम ताडपत्रीखाली, माणसांना बाहेर ठेवून आणि प्रशिक्षित लोकांकडून केलं जातं. घराच्या बंद खोलीत तोच वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. या विषावर उतारा नाही.

भारतातल्या नियमांनुसार ही धुरी सरकारी यंत्रणांनी किंवा कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनी मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तरीही सुट्या गोळ्या घरात शिरतात.

गोळी ठेवलेल्या घरात कुणाला मळमळ, उलट्या, धाप, छातीत दडपण किंवा चक्कर जाणवली तर सगळ्यांनी लगेच मोकळ्या हवेत यावं, १०८ वर फोन करावा आणि डॉक्टरांना गोळीबद्दल स्पष्ट सांगावं. गोळीवर पाणी ओतू नये, त्याने वायू आणखी वेगाने सुटतो. वास येत नाही म्हणून वायू नाही, असंही समजू नये.

पाऱ्याच्या गोळ्या आणि डांबर गोळ्यासुद्धा खाण्याच्या धान्यात ठेवू नयेत. बोरिक पावडर हेही कीटकनाशकच आहे, पोटात गेल्यास अपाय करतं.

घरात काय करावं?

१. आधी वाळवा: गहू, ज्वारी, कडधान्यं कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावीत. दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे. धान्यातला ओलावा १० ते १२ टक्क्यांपर्यंत उतरला की किडीची वाढ मंदावते. तांदूळ कडक उन्हात तडकतो, तो सावलीत वाळवावा. भरण्यापूर्वी धान्य गार होऊ द्यावं.

२. डबा स्वच्छ करा: जुनं धान्य नव्यात मिसळू नये. कडा आणि झाकणाची खाच पुसून, डबा उन्हात ठेवून मगच भरावा.

३. काठोकाठ आणि हवाबंद भरा: आत हवा कमी असेल तर किडे ऑक्सिजन संपवतात आणि स्वतःच गुदमरतात. जमिनीतल्या पेवांत धान्य टिकायचं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता. पश्चिम आफ्रिकेत चवळीसाठी पसरलेल्या तीन थरांच्या 'पिक्स' पिशव्यांचं तत्त्वही हेच.

४. डाळ-कडधान्याला तेल लावा: खाण्याच्या दर्जाचं एरंडेल किंवा शेंगदाणा तेल, किलोमागे साधारण चमचाभर, हाताने नीट चोळावं.

५. रवा, मैदा, बेसन थंडीत ठेवा: छोटी पाकिटं फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवल्यास अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दव धरतं.

६. सुगंध राखणीला ठेवा: लवंगा, तमालपत्र, सुकलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून डब्यात ठेवता येतो. वास गेला की असर गेला, हे सूत्र ठेवून पुरचुंडी महिन्या-दीड महिन्याने बदलावी. दर वेळी डबा सताड उघडा राहिला तर सुगंधही जातो आणि हवाही शिरते. रोजच्या वापराचं धान्य म्हणून वेगळ्या छोट्या डब्यात काढावं.

७. कीड लागलीच तर: धान्य चाळून, पुन्हा उन्हात तापवून वेगळ्या डब्यात भरावं आणि महिन्याभराने परत तपासावं. दाण्याच्या आत राहिलेले किडे तोवर बाहेर आलेले असतात. जाळी धरलेलं, कुबट वास येणारं पीठ टाकून द्यावं.

सुगंधी तेलांवर आधारलेली, धान्यासाठी नोंदणी झालेली आणि हळूहळू वाफ सोडणारी उत्पादनं स्वस्तात मिळू लागली तर लहान शेतकऱ्यांना आणि बियाणं जपणाऱ्यांना त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होईल. त्यांची साठवण थोडी, बंदिस्त आणि जवळच्या नजरेखाली असते आणि तेलांची वाफ अशाच जागी चांगलं काम करते. हजारो पोत्यांच्या थप्पीपेक्षा एका घट्ट झाकणाच्या डब्यात लवंगेला जिंकण्याची संधी जास्त असते, पण आतला दाणा आधी कडक वाळलेला हवा.